पंधरा दिवसांत तीनदा पंक्चर, तेही मागचंच चाक.. काय करावं?

एमआयडीसी_पायडल
मंडळी नमस्कार. मी नागपुरात त्रिमूर्ती नगरला राहतो, ऑफिस हिंगणा एमआयडीसीत. दिवाळीनंतर गाडी घरी ठेवून सायकलने जाणं सुरू केलं, एका बाजूने साधारण साडेआठ किमी, रिंग रोडने रचना जंक्शन आणि तिथून मेट्रोच्या खांबांखालून सरळ. साधी हायब्रिड सायकल आहे, गियरवाली, ७०० बाय ३५ चे टायर. इतके महिने काही त्रास नव्हता, पण या पंधरा दिवसांत मागचं चाक तीनदा बसलं.

आज तर कहर झाला. सकाळचे पावणेनऊ, बन्सी नगरच्या थोडं अलीकडे, मागून सायकल डुलायला लागली, मला वाटलं रस्ताच खराब आहे म्हणून तसाच शंभरेक मीटर मारत राहिलो, मग टक टक आवाज आला तेव्हा खाली पाहिलं तर रिम रस्त्याला टेकून राहिली होती. पाठीवर लॅपटॉप, हातात हेल्मेट आणि एप्रिलचं ऊन. दीड किमी ढकलत नेली. पंक्चरवाले भाऊ एका ऑटोचं चाक खोलून बसले होते, म्हणे सायकलला अर्धा तास लागेल, बसा. ऑफिसात सव्वादहाला पोचलो, शर्ट पिळून वाळत घालावा असा. साहेबांनी फक्त घड्याळाकडे पाहिलं, बोलले काही नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तीन वेगवेगळ्या दुकानांत पंक्चर काढलं, तिघांनीही ठिगळ लावून दिलं. टायरच बदलू का? का ट्यूब नवी टाकू? आणि रस्त्यात असं झालं तर तुम्ही लोक काय करता ते पण सांगा, मला चाक काढता येत नाही हे आधीच कबूल करतो.

तर्रीपोहे
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीत जाऊन ओरड, पंक्चर घेऊन जा गे मारबत. दुसरा इलाज नाही भाऊ.

एमआयडीसी_पायडल
पोळ्याला अजून चार महिने आहेत ना बे, तोवर काय ढकलत जाऊ?

काळी_सायकल
बापू, ही उन्हाची करामत आहे. आमच्या वेळेले मी सीताबर्डीले नोकरीवर जात होतो, २८ बाय दीडची काळी सायकल, पस्तीस वर्षं चालवली. उन्हाळ्यात हवा नेहमीपेक्षा कमीच भरायची आणि सायकल सावलीत उभी करायची, हा नियम. उन्हात ठेवली की हवा फुगते आणि ट्यूब फाटते. ऑफिसात सायकल कुठे लावतो तू? पत्र्याच्या शेडखाली असेल तर थेच कारण समज.

दुसरं म्हणजे वॉल्व पाह्य. हवा भरून झाली की वॉल्वच्या तोंडावर थुंकीचं बोट लाव. बुडबुडा फुगला तर पंक्चर नाहीच, वॉल्व गळून राहिला. आमच्या सायकलीले वॉल्वच्या आत रबराची बारीक नळी राहायची, वॉल ट्यूब म्हणायचो, ती उन्हाने कडक होऊन चिरायची. पंधरा पैशाची वस्तू आणि माणूस उगाच पूर्ण चाक खोलत बसायचा.

सदरवाली_ताई
काका, थुंकीची परीक्षा एकदम बरोबर, मी अजूनही तेच करते. पण उन्हाचं थोडं हिशेबात बसत नाही. सकाळी २५ डिग्रीला ६० पीएसआय हवा भरली आणि दुपारी टायर ४५ पर्यंत तापला तरी प्रेशर ६५ च्या आसपास जातं, म्हणजे पाचच वाढलं. टायरवर कंपनीने ५० ते ७५ लिहिलं असेल तर ते त्याच्या आतच आहे. नुसत्या उन्हाने चांगली ट्यूब फाटत नाही. उभ्या सायकलचा फटाका वाजतो तो बहुतेक वेळा टायरची कड रिममध्ये नीट बसलेली नसते किंवा ट्यूब कडेखाली चिमटलेली असते म्हणून, ऊन फक्त शेवटचा धक्का देतं. हां, जुनं ठिगळ मात्र उन्हाने सुटू शकतं, ते मान्य.

आणि पायडल भाऊ, तुम्ही मूळ गोष्ट सांगितलीच नाही. तिन्ही ठिगळं ट्यूबवर नेमकी कुठे आहेत? वॉल्वपासून वीत लावून मोजा. आणि भोक रस्त्याच्या बाजूला होतं की रिमच्या बाजूला? एक भोक की शेजारी शेजारी दोन? हे कळल्याशिवाय टायर बदला, ट्यूब बदला म्हणणं म्हणजे अंधारात दगड मारणं आहे.

बुटीबोरी_बॉय
सराटे असतील. माझ्याकडे पावसाळ्यानंतर दर आठवड्याला व्हायचं. रस्त्याच्या कडेची जमिनीला चिकटून पसरणारी वेल, पिवळी बारीक फुलं, तिचे ते गोखरूचे काटे, कसेही पडले तरी एक टोक वर राहतंच. सायकल कडेला उतरवली की संपलं. मी शेवटी ट्यूबमध्ये सीलंट टाकून घेतलं, ते हिरवं-पांढरं चिकट पाणी येतं ना ते. काटा गेला तरी आतून भोक बुजतं, वर थोडं पाणी दिसतं आणि सायकल चालत राहते. फक्त ते कायमचं नसतं, काही महिन्यांत आत वाळतं, आपल्या नागपुरात तर लवकरच वाळतं. मग पुन्हा टाकायचं.

पुण्याचा_पाहुणा
हवाच नसलेले सॉलिड टायर लावून टाका की, प्रश्नच मिटला. आमच्याकडे एकाने लावलेत.

तर्रीपोहे
त्याला विचार, बसायला उशी लागते का म्हणून.

संत्रानगरी_रॅन्डो
सॉलिड टायर जड असतात आणि प्रत्येक खड्डा सरळ मणक्यात येतो, रोजच्या सतरा किमीला मी तरी नाही सांगणार. आपले सिमेंट रोडचे जोड आठवा, दर काही मीटरला धप्प.

ताईंचा प्रश्न महत्त्वाचा आहे, त्याचं उत्तर आधी दे. तोवर मी रस्त्यातलं सांगतो, कारण ते कधीतरी लागणारच. मी २०० किमीच्या राइडा करतो, त्यात साडेतेरा तासांची मर्यादा असते, म्हणून हे काम हाताला बसलंय, पण शिकलो तेव्हा पहिल्यांदा पाऊण तास लागला होता आणि चाक उलटं बसवलं होतं, चेन कुठून घालायची तेच कळेना.

पहिलं म्हणजे रस्त्यात पंक्चर काढत बसायचंच नाही. स्पेअर ट्यूब ठेवायची, बदलायची आणि निघायचं, ठिगळ रात्री घरी पंख्याखाली. सीटखालच्या छोट्या पिशवीत एक ट्यूब, टायरची कड उचकटायचे प्लास्टिकचे दोन लिव्हर, चाक नटावर असेल तर १५ चा पाना, आणि फ्रेमला छोटा हातपंप. बस. ट्यूब आपल्या मापाची आणि वॉल्व आपल्या रिमच्या भोकात बसणारा, हे घेतानाच पाहा. मोटारसायकलसारखा जाड वॉल्व आणि तो बारीक लांब पितळी वॉल्व, दोन्हींची भोकं वेगळी. बारीक भोकात जाड जात नाही.

पंक्चर कळलं की लगेच उतर. तू शंभर मीटर मारलीस ना, तेवढ्यात रिम वाकू शकते आणि टायरच्या भिंतीची दोरी तुटते. मग नुसत्या ट्यूबवर भागत नाही. सावली शोध, मेट्रोचा खांब आहेच. मागचा गियर सगळ्यात लहान चक्रीवर आण, चाक निघायला आणि परत बसायला तेच सोपं. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक चुकूनही दाबू नको, ऑइलवाल्याचे पॅड एकमेकांना चिकटून बसतात आणि मग चाक आत जात नाही. उरलेली हवा सोड, टायर दोन्ही हातांनी सगळीकडून चिमटून कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकल, म्हणजे ती ढिली होते. मग लिव्हर घालायचा. एकच बाजू काढ, पूर्ण टायर काढायची गरज नाही.

नवी ट्यूब घालण्याआधी तिच्यात थोडीशी हवा भर, गोल होईल इतकीच, नाहीतर आत पीळ पडतो. वॉल्व आधी बसव, मग ट्यूब, मग टायरची कड, आणि कड चढवताना शेवट वॉल्वपाशी कर. शेवटचा वीतभर भाग फार कडक जातो, तिथे लिव्हर वापरलास तर ट्यूब चिमटली जाते आणि हवा भरता भरता पुन्हा फुस्स. अंगठ्याने ढकल, घाम निघाला तरी चालेल. हवा भरायच्या आधी दोन्ही बाजूंनी चाक फिरवून पाहा, कुठे ट्यूब डोकावून तर नाही राहिली.

हातपंपाने ६० पर्यंत जाता जाता हात भरून येतो. ४० झालं तरी ऑफिस गाठता येतं, हळू जायचं, खड्ड्यात उभं राहून जायचं. आणि अगदीच नाही जमलं तर मेट्रो आहे, सायकल आत नेऊ देतात, तुझं ऑफिस लोकमान्य नगर स्टेशनच्या बाजूला असेल तर मग काय प्रश्नच नाही.

बुटीबोरी_बॉय
यात एक जोडतो, पेट्रोल पंपावर हवा भरताना सांभाळून. तिथला नोझल जाड वॉल्वलाच बसतो, बारीकला पितळेचं छोटं कनेक्टर लावावं लागतं, कुठल्याही सायकल दुकानात मिळतं, किल्लीच्या छल्ल्याला अडकवून ठेवा. आणि सायकलच्या ट्यूबमध्ये जागा किती थोडी, कारची सवय असलेला पोरगा दोन सेकंद दाबून धरतो तेवढ्यात प्रेशर कुठच्या कुठे जातं. माझी एक ट्यूब त्या पोराच्या आणि माझ्या दोघांच्या तोंडासमोर फुटली, तो म्हणे काका तुमची ट्यूबच जुनी होती. मी तेव्हा २९ वर्षांचा होतो, काका म्हटल्याचं जास्त लागलं.

एमआयडीसी_पायडल
बाप रे, इतकं लिहिलंत, धन्यवाद सगळ्यांना. ताई, आताच गॅलरीत बसून टायरची एक बाजू काढली (यूट्यूब पाहून, चाळीस मिनिटं, एक नख गेलं). ट्यूब बाहेर काढून मोजली. एक ठिगळ वॉल्वपासून दीड वीत डावीकडे. दुसरं दीड वीत उजवीकडे. तिसरं म्हणजे आजचं, ते डावीकडच्या पहिल्या ठिगळाला अगदी खेटून, अर्धं त्याच्यावरच चढलंय. तिन्ही रस्त्याच्या बाजूला, प्रत्येकी एकच बारीक भोक होतं असं दुकानदार म्हणाले होते.

म्हणजे काय? तीन वेगळ्या जागा ना?

सदरवाली_ताई
नाही हो, एकच जागा आहे! नीट बघा. दीड वीत डावीकडे, दीड वीत उजवीकडे, अंतर तेच. दुसऱ्या वेळी ज्याने पंक्चर काढलं त्याने ट्यूब उलटी घातली, डावं उजवीकडे गेलं. तिसऱ्या वेळी पुन्हा सुलटी झाली म्हणून भोक पहिल्याच्या शेजारी पडलं. ट्यूब फिरून राहिली, टायर मात्र जागचा हललेलाच नाही, कारण तिघांनी एकच बाजू उघडली. टायरमध्ये त्या जागी काहीतरी रुतून बसलंय आणि तेच दर वेळी टोचतंय. तुम्हाला पंधरा दिवसांत तीन पंक्चर नाही झाली, एकच झालं, ते कुणी काढलंच नाही.

उद्या उजेडात टायर पूर्ण काढा. हात सरळ आत फिरवू नका, बोट फाटेल. कापसाचा बोळा किंवा जुना मोजा घ्या आणि आतून हळूहळू फिरवा, दोन्ही दिशांनी. जिथे कापूस अडकेल तिथे थांबा.

काळी_सायकल
पोरी, हे खरं डोकं. आमचा पंक्चरवाला टायरच्या आतून हात फिरवल्याशिवाय ट्यूब घालतच नव्हता, त्याच्या बोटांले घट्टे पडले होते. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडा शोधला, बुडबुड्यावर कॉपिंग पेन्सिलीची फुली मारली, की लगेच टायर उचलून तीच जागा टायरवर पाह्यचा. आता सगळे ट्यूबलेसच्या गाड्यांची कामं करतात, सायकलवाला आला म्हणजे आठ्या. त्यांचं बी चूक नाही, ऑटोवाल्याचा धंदा खोटी होतो.

तर्रीपोहे
सीआयडी सदर शाखा.

संत्रानगरी_रॅन्डो
ताई मानलं. मी इतकं मोठं प्रवचन दिलं आणि टायरच्या आतून तपासायचं लिहायलाच विसरलो, नवी ट्यूब घालण्याआधी ते केलं नाही तर नवी पण पाच मिनिटांत जाते. सवय म्हणून मी टायरवरचं कंपनीचं नाव नेहमी वॉल्वच्या बरोबर समोर आणून बसवतो. मग ट्यूबमध्ये भोक सापडलं की ते टायरवर कुठे येईल हे एका सेकंदात कळतं.

आणि पुढच्या वेळेसाठी, शेजारी शेजारी दोन भोकं दिसली, साप चावल्यासारखी, तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली एवढंच. भोक आतल्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकलेली असते आणि स्पोकचं डोकं टोचतं. वॉल्वच्या मुळाशी फाटली असेल तर ठिगळ बसत नाही, ट्यूब फेका.

एमआयडीसी_पायडल
सापडलं!!

आज रविवार म्हणून सकाळी सहाला गॅलरीत बसलो. बायकोच्या डब्यातला कापूस घेतला, न विचारता. पहिल्या फेरीत काहीच नाही. उलट्या दिशेने फिरवला तर एका जागी दोन धागे ओढले गेले, पाहतो तर दिसत काहीच नव्हतं, टायर वाकवून आतली बाजू बाहेर केली तेव्हा एक टोक चमकलं, केसाइतकं बारीक. बाहेरून तर पत्ताच नाही, टायरच्या नक्षीत पूर्ण बुडलेलं. चिमट्याने धरलं तर सटकत होतं, शेवटी नेलकटरने पकडून ओढलं. साधारण एक सेंटीमीटरची तार, थोडी वाकडी, एका टोकाला गंज. सायकल उभी असताना टोक आत दबलेलं, माणूस बसला आणि खड्डा आला की ट्यूबला टोचायचं. म्हणूनच प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस नीट चालून मग बसत होती.

ही कसली तार आहे पण?

बुटीबोरी_बॉय
ट्रकच्या टायरची. रेडियल टायरच्या आत स्टीलच्या तारांचे थर असतात, टायर फुटला की त्याच्या चिंध्या रस्त्यावर पडतात आणि तारा सुट्या होऊन कडेला सरकतात. एमआयडीसीचा रस्ता, दिवसभर ट्रक, आणि आपण सायकलवाले कडेनेच जाणार. सीलंटने पण हे थांबलं नसतं, तार आत असेपर्यंत भोक रोज नवं पडत राहतं. मी सराटे म्हटलं होतं, शब्द मागे घेतो.

संत्रानगरी_रॅन्डो
आता ठिगळ स्वतः लाव, ट्यूब फेकू नको. लोक चुकतात ते एकाच जागी, सोल्युशन ओलं असतानाच ठिगळ दाबतात. भोकाभोवती पॉलिश पेपरने घासून चमक घालव, ठिगळापेक्षा मोठ्या जागेवर सोल्युशनचा पातळ थर दे आणि थांब. चार-पाच मिनिटं. बोट लावलं तर चिकटायला नको इतकं वाळू दे, मग ठिगळ ठेवून मधून कडेकडे दाब. आणि ते अर्धं एकमेकांवर चढलेलं आहे ना, ते भरवशाचं नाही. ती ट्यूब स्पेअर म्हणून पण नको, नवी घे.

सदरवाली_ताई
आणि दर सोमवारी पंप लावा. पंक्चर नसलं तरी ट्यूबमधून हवा हळूहळू जातेच, रबर म्हणजे काही स्टीलचा डबा नाही. अंगठ्याने दाबून कळत नाही, ४० आणि ६० अंगठ्याला सारखेच लागतात. मीटरवाला उभा पंप एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो.

पुण्याचा_पाहुणा
सॉलिड टायरला हे काहीच करावं लागत नाही, एवढंच नम्रपणे नमूद करतो.

तर्रीपोहे
ये एकदा इकडे, तुझ्या सॉलिड टायरवर हिंगण्यापर्यंत जाऊ. वाटेत सावजी खाऊ घालतो, परतीचं तू पाहून घे.

एमआयडीसी_पायडल
आठ दिवसांचा रिपोर्ट. नवी ट्यूब टाकली, पिशवी घेतली, लिव्हर, पाना, पंप सगळं आलं. शनिवारी बिल्डिंगखाली सराव केला, वरच्या मजल्यावरचा पोरगा मोबाइलवर वेळ लावून बसला होता. पहिल्यांदा ३४ मिनिटं, दुसऱ्यांदा २१. दुसऱ्यांदा त्याने चेनचा भाग सांगितला, तो सातवीत आहे. तार आगपेटीत ठेवलीय, ऑफिसात नेऊन साहेबांना दाखवली, साहेब म्हणाले एवढीशी? मी म्हटलं हो, एवढीशीच.

आठवडाभर मागचं चाक ठणठणीत. पण आज संध्याकाळपासून पुढचं चाक थोडं मऊ वाटून राहिलं, भोक तर कुठे दिसत नाही..

तर्रीपोहे
वॉल्वला थुंकी लाव बे.